डावीकडून पहिले गायब

फोटोओळ मी आधीच बसवून ठेवली होती. 'मागची रांग, डावीकडून', आणि पुढे तेरा नावं. एआय साधनातून दुरुस्त होऊन आलेला शाळेचा जुना फोटो वर लावला आणि सवयीप्रमाणे एक बोट नावांवर, एक बोट डोक्यांवर ठेवून मोजत गेले. नावं तेरा. डोकी अकरा.

आधी वाटलं, पुस्तकाच्या लेखक सरांनीच दोन नावं जास्त लिहिली असतील. मूळ स्कॅन उघडला तर तिथे तेराच्या तेरा जण ताठ उभे. म्हणजे डावीकडचे पहिले आणि उजवीकडचे शेवटचे, असे दोघे दुरुस्तीत खर्ची पडले होते. मधल्या रांगेतल्या टोकाच्या दोघांचा एकेक खांदाही गेला होता. आणि मी काढायला सांगितली होती ती फक्त एक घडी. फोटो कुणीतरी दुमडून ठेवल्यामुळे वरच्या कडेपासून झाडातून, भिंतीवरून खाली उतरत आलेली पांढरी रेघ. ती कुणाच्या चेहऱ्याला शिवतही नव्हती.

मी पुस्तकांची पानं लावते. पेजमेकर या जुन्या पानमांडणीच्या प्रोग्रॅमच्या काळापासून लावते. सध्या हातात एका शाळेच्या इतिहासाचं पुस्तक आहे, लेखक तिथलेच निवृत्त शिक्षक. पुस्तकात ११२ जुने फोटो आहेत आणि त्यातले जवळपास सगळेच घडी पडलेले, डागाळलेले, कोपरे झडलेले. एकेक हाताने दुरुस्त करायचा तर महिना जातो. भाची म्हणाली, "मावशी, आता कोण ब्रश घेऊन बसतं? एका वाक्यात होतं." तिनेच हे एआयवर (कृत्रिम बुद्धिमत्तेवर) चालणारं साधन दाखवलं: ब्राउझरमध्ये उघडायचं, फोटो चढवायचा, काय हवं ते साध्या भाषेत लिहायचं. मी वर्षाची वर्गणी भरली. साधनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीन महिन्यांत आणखी तीन-चार साधनं फुकटच्या मुदतीत वापरून पाहिली, आणि ही खोड कमीजास्त प्रमाणात बहुतेकांत आहे. एकट्यालाच चौकात उभं करण्यात अर्थ नाही.

खोड कोणती? दिलेल्या मापाचा फोटो त्याच मापात परत येत नाही.

आकडे सांगते, म्हणजे नुसती कुरकुर वाटायची नाही. मूळ फोटो १० इंच बाय ८ इंच. तो ६०० डीपीआयला (दर इंची ६०० ठिपके) स्कॅन केला, म्हणजे ६०००×४८०० पिक्सेल, दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख. परत आला तो १०२४×१०२४, साडेदहा लाखांच्या आत. शंभर पिक्सेल द्यावेत आणि साडेतीन-पावणेचार परत मिळावेत असा हा व्यवहार. शिवाय आयताचा चौरस करायचा म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक इंच कापला, आणि त्या इंचात उभे असलेले दोघे गेले. कापतोय असं कुठे म्हटलं नाही, विचारलं नाही. पडद्यावर आधी-नंतरची सरकती पट्टी दाखवतात ना, त्यातही मूळ फोटो कापूनच दाखवला होता. म्हणून दोन्ही चित्रं अगदी जुळत होती आणि मीही फसले. ही पट्टी मला सगळ्यात जास्त खटकली. चूक होते, मान्य. पण इथे चूक झाकली जाईल अशीच मांडणी होती.

दुसऱ्या खेपेला मी लिहिलं, 'मूळ माप बदलू नकोस, कडा कापू नकोस, फक्त घडी काढ.' खाली नम्र उत्तर आलं: घडी काढली आहे, मूळ माप जपलं आहे. फाइल उघडली तर १५३६×१०२४. या वेळी सदतीसच्या सदतीस जण हजर होते, फक्त प्रत्येक जण वीस टक्के रुंद झाला होता. मूळ फोटोचं प्रमाण पाचास चार, आलेल्याचं तीनास दोन. मधला फरक माणसं ताणून भरून काढलेला. मुख्याध्यापक मुळात काटकुळे गृहस्थ. या फोटोत त्यांच्याकडे बघून वाटत होतं की शाळेपेक्षा आखाडा जास्त चालवला असावा.

तिसऱ्या खेपेला 'माणसं ताणू नकोस' असंही जोडलं. त्याने ऐकलं. माणसं ताणली नाहीत, कडा कापल्या नाहीत, आणि तीनास दोनची चौकट भरायला दोन्ही बाजूंना नवी जागा रंगवली. उजवीकडे थोडी भिंत. डावीकडे भिंत, आणि तिला टेकून उभा असलेला एक तरुण. अनोळखी. सदोतिसांच्या फोटोत अडतिसावा. त्याच्या हाताला पाचच बोटं होती हे कबूल करते. पूर्वी एआयच्या चित्रांत सहा-सात बोटंही यायची; त्या बाबतीत या तंत्रात खरोखर सुधारणा झाली आहे.

इथे थांबून एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घडी तिन्ही वेळा अप्रतिम निघाली. झाडाची पानं, भिंतीच्या विटांचे सांधे, घडीखाली काय असेल ते त्याने असं भरलं होतं की मला हाताने अर्धा दिवस लागला असता आणि तरी इतकं साधलं नसतं. म्हणून तर राग जास्त येतो. अवघड काम झालं, आणि फोटो होता तेवढाच परत देणं राहून गेलं.

आता मापाला इतकं काय चिकटायचं, असं भाचीनेही विचारलं. "सगळे फोनवरच बघतात मावशी, कोण पिक्सेल मोजतंय?" फोनवर बघणाऱ्यांसाठी तिचं खरं आहे. १०२४ पिक्सेल तिथे पुरेसे होतात. पण माझं पान छापलं जातं. छपाईला ३०० पिक्सेल दर इंची धरतात. त्या हिशेबाने १०२४ पिक्सेल म्हणजे ३.४ इंच. माझ्या पानावर हा फोटो ७ इंच रुंद आहे. तिथे तो दर इंची १४६ वर येतो, आणि कडा मऊ, चेहरे लोण्यासारखे दिसायला लागतात.

चेहऱ्यांचा हिशेब तर आणखी वाईट. मूळ स्कॅनमध्ये मागच्या रांगेतला एक चेहरा साधारण २४० पिक्सेल रुंद आहे. त्यात चष्म्याची काडी दिसते, एकाच्या भुवईवरचा व्रण दिसतो. १०२४ च्या चौरसात तोच चेहरा ५१ पिक्सेलांचा होतो. ५१ पिक्सेलांत भुवईवरचा व्रण राहत नाही. राहतो तो 'एक माणूस'. त्यावर साधनाचं 'एचडी करा' बटण दाबलं, तर ते चौपट मोठा करून ४०९६×४०९६ देतं, आणि हरवलेला तपशील आठवून भरत नाही, बनवून भरतं. व्रण गेला, चष्म्याची दुसरीच तऱ्हा आली, दात जास्त स्वच्छ झाले. वर ४०९६ हा आकडाही माझ्या ४८०० शी जुळत नाहीच. कापलेले दोघेही परत येत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

पानं लावणाऱ्यांना याच्या पुढचा त्रास कळेल. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये चित्र पानात 'असतं' असं आपण म्हणतो, पण खरं तर पानात चौकट असते आणि चित्राचा दुवा असतो. चौकटीत चित्र किती मोठं आणि कुठे सरकवून ठेवलंय ते मी एकदा ठरवते. मग मूळ फाइल दुरुस्त करून त्याच नावाने ठेवली आणि लिंक अपडेट केली की नवं चित्र जुन्या जागी बरोब्बर बसतं. अट एकच, माप तेच हवं. मी मोठ्या विश्वासाने चाळीस फोटो एका दमात साधनातून काढले, जुन्या नावांनी ठेवले, सगळ्या लिंक एकदम अपडेट केल्या आणि चहा ठेवायला उठले. परत आले तर पानांवर नाकं, कोपर, खिडकीचे गज. चौकटी जागच्या जागी, आत मात्र भलतंच काहीतरी. 'प्रिझर्व्ह इमेज डायमेन्शन्स व्हेन रीलिंकिंग' असा एक पर्याय प्रेफरन्सेसच्या खिडकीत असतो, तो लावला तर नवं चित्र जुन्याच मापात बसवता येतं. पण चित्राचं प्रमाणच बदललेलं असेल तर तो तरी काय करणार?

त्यात डीपीआयच्या नोंदीची गंमत. स्कॅनरने फाइलमध्ये लिहिलेलं असतं की हे चित्र ६०० डीपीआयचं आहे. साधनातून आलेल्या फाइलमध्ये ती नोंद पुसलेली, आणि नोंद नसली की बरेच प्रोग्रॅम ७२ धरतात. म्हणजे रुंदी जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढी उरलेलं १०२४ पिक्सेलांचं चित्र नव्या पानात टाकलं की १४ इंच रुंद होऊन पसरतं, आणि ६००० रुंदीचं मूळ चित्र मात्र १० इंचांत बसतं. फोनने काढलेल्या फोटोंमध्ये याचाच भाऊ भेटतो: फोन आडवा-उभा कसा धरला होता त्याची नोंद फाइलमधल्या एक्झिफ नावाच्या माहितीत असते, काही साधनं ती न वाचताच टाकून देतात, आणि उभा फोटो आडवा पडून परत येतो. रंगाच्या प्रोफाइलचंही तेच. करड्या छटेतला माझा स्कॅन जाताना करडा होता, येताना आरजीबी (लाल-हिरवा-निळा अशा रंगांतला) होऊन थोडा तपकिरी झाला. याबद्दल जास्त लिहीत नाही. हे दिसतं तरी. न दिसणारं जास्त छळतं.

न दिसणारं असं. याच साधनात डाग आणि धूळ काढायचा वेगळा विभाग आहे. तिथे वाक्य लिहायचं नाही, फाइली टाकायच्या, स्वच्छ होऊन येतात. इथे माप जपलं जातं असं ठळक लिहिलंय, आणि वरवर पाहता जपलं जातंही. शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकाची पानं मी इथे दिली. २४८१×३५०७ जाऊन २४८०×३५०४ आली. एक पिक्सेल इकडे, तीन तिकडे. मी बघितलंसुद्धा नाही. आठ दिवसांनी एका पानाच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ दिसली. तिथे मूळ फाइलवर बेतून मी हाताने कापलेला मास्क (चित्राचा हवा तेवढाच भाग दिसू देणारा पडदा) होता, आणि खालचं चित्र तेवढंसं हललेलं. मग फोटोशॉपमध्ये मूळ आणि नवं असे दोन लेयर (थर) एकावर एक ठेवून वरच्याला 'डिफरन्स' लावला. दोन्ही सारखे असतील तिथे काळं दिसतं, वेगळे असतील तिथे उजेड. डाग होते तिथे उजेड दिसेल, बाकी सगळं काळं, ही अपेक्षा. दिसलं काय? प्रत्येक अक्षराला बारीक उजळ कड, सगळं पान धातूवर कोरल्यासारखं. म्हणजे तीन ओळी कापून टाकल्या नव्हत्या, अख्खं पान तेवढं दाबलं होतं. एक डाग काढायला पानावरचा प्रत्येक पिक्सेल नव्याने लिहिला गेला होता.

२४८० आणि ३५०४ हे आकडे कुठून आले ते शोधायला मी थोडी वाचत बसले. दोन्ही आकडे ८ ने भागले जातात. अशा साधनांच्या आत चित्रं बनवणारं एआय मॉडेल असतं; त्यातली स्टेबल डिफ्युजनसारखी मॉडेलं चित्रावर थेट काम करत नाहीत. आधी ते दोन्ही दिशांनी आठपट आखडून घेतात, त्या आखडलेल्या रूपावर काम करतात आणि शेवटी पुन्हा आठपट उलगडतात. म्हणून रुंदी-उंची ८ च्या पटीत लागते. काही नव्या मॉडेलांना १६ च्या. आणि ठरावीक मापाचं कारण शिकवणीत आहे. २०२२ साली आलेलं स्टेबल डिफ्युजन ५१२×५१२ च्या चित्रांवर शिकलेलं होतं, २०२३ चं एसडीएक्सएल १०२४×१०२४ च्या आसपास. त्याहून फार मोठा कागद दिला की त्यांची भंबेरी उडते, एकाच चित्रात दोन डोकी, दोन क्षितिजं असले प्रकार होतात. शिवाय खर्च. ज्या मॉडेलांत १६×१६ पिक्सेलांचा एक तुकडा धरून प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येकाशी ताडून पाहिला जातो, तिथे १०२४ च्या चौरसात ४,०९६ तुकडे होतात. माझ्या ६०००×४८०० मध्ये १,१२,५०० झाले असते. तुकडे साडेसत्तावीस पट, पण तुलना साडेसातशे पट. एका घडीसाठी इतकं यंत्र कोण जुंपणार? हे सगळं मला पटतं. साधनाला तारे देताना मॉडेलची मर्यादा म्हणून मी एकही तारा कापलेला नाही.

काही जण ही मर्यादा निदान सरळ सांगतात. ओपनएआयच्या २०२५ मधल्या जीपीटी-इमेज-१ या मॉडेलच्या कागदपत्रांत तीन मापं लिहिलेली होती, एक चौरस, एक आडवं, एक उभं. वाचलं की कळायचं, इथे ६००० मिळणार नाही. माझ्या साधनाने मदतपानावर कुठेही माप सांगितलेलं नाही. लिहिलंय ते 'मूळ दर्जा'.

आणि ८ च्या पटीची सबब तर मला अजिबात चालत नाही. ती अडचण नवी नाहीच. जेपेग १९९२ पासून हेच करत आला आहे. तोही चित्राचे ८×८ चे ठोकळे पाडतो. ४१३×५३१ चा पासपोर्ट फोटो ८ ने भागला जात नाही. मग जेपेग काय करतो? कडेला थोडी भर घालून आतल्या आत ४१६×५३६ करतो, आणि फाइलच्या सुरुवातीला लिहून ठेवतो की खरं माप ४१३×५३१. उघडताना भर कापली जाते. आपण हजारो जेपेग उघडले असतील, कधी तीन पिक्सेल वाढलेले पाहिलेत? एच.२६४ या व्हिडिओ साठवायच्या पद्धतीचंही तसंच. १०८० ओळी १६ ने भागल्या जात नाहीत, म्हणून आत १०८८ साठवतात आणि शेवटच्या आठ दाखवू नका अशी नोंद ठेवतात. आधी भर घाला, काम करा, भर कापा. हे ज्यांना तीस वर्षांपूर्वी सुचलं त्यांच्याकडे आजच्यासारखी यंत्रंही नव्हती. हे साधन मात्र भर घालण्याऐवजी माझं पान दाबतं.

ग्राहकसेवेला मी हे सगळं लिहिलं, दोन्ही फाइली जोडून. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, गोड होतं. सूचना अधिक स्पष्ट लिहून पाहा, हवं ते माप सूचनेत आकड्यांत लिहा. लिहून पाहिलं. '६०००×४८०० पिक्सेल' लिहिल्यावर पुन्हा १५३६×१०२४ आलं आणि 'मागितल्याप्रमाणे ६०००×४८०० मध्ये दिलं आहे' हे वाक्यही आलं. सूचनेचं वाक्य मॉडेल वाचतं, पण कागद किती मोठा घ्यायचा ते ठरतं त्या वाक्याच्या बाहेर, साधन बनवणाऱ्यांनी लिहिलेल्या भागात. तिथे माझा आवाज पोहोचतच नाही. खानावळीत वाढप्याला कितीही सांगा, ताटं ज्या मापाची विकत आणली आहेत त्याच मापाची असणार. फरक इतकाच की वाढपी 'हो, मोठं ताट आणलंय' म्हणून छोटं ताट पुढे ठेवत नाही.

शेवटी रस्ता सापडला तो जुन्या सवयीतून. अख्खा फोटो द्यायचाच नाही. फोटोशॉपमधल्या मार्की टूलची (चौकोन निवडायच्या हत्याराची) स्टाइल 'फिक्स्ड साइझ' करून १०२४×१०२४ चा चौरस ठरवायचा, मूळ स्कॅनवर घडीवर ठेवायचा आणि तेवढाच तुकडा कापून वेगळी फाइल करायची. डावा-वरचा कोपरा कुठे होता ते वहीत लिहायचं. हा तुकडा साधनाच्या आवडत्या मापाचाच असल्यामुळे त्याला कापायला, ताणायला, वाढवायला काही उरत नाही. जसा गेला तसा १०२४ चाच परत येतो. तो मूळ फोटोवर वेगळ्या लेयरमध्ये त्याच जागी ठेवायचा, आणि मास्क लावून फक्त घडीपुरताच दिसू द्यायचा. तुकड्यातला बाकीचा भागही साधनाने थोडा बदललेला असतो, तो घ्यायचाच नाही. शाळेच्या फोटोला दोन तुकडे लागले, एक डावीकडून ३४०० आणि वरून ० पिक्सेलांवर, दुसरा डावीकडून ३४०० आणि वरून ९०० वर; दोन्हींत थोडा भाग समान ठेवला म्हणजे सांधा दिसत नाही. परत आलेला तुकडा जरा गुळगुळीत असतो, जुन्या फोटोची रवाळ पोत त्यात नसते, म्हणून वरून चिमूटभर नॉइज (बारीक ठिपक्यांचा रवा) टाकली. नंतर 'डिफरन्स' लावून पाहिला: सगळा फोटो काळा आणि मधून उतरणारी एक उजळ रेघ, घडीची. हे बघायचं होतं मला. पंधरा मिनिटं लागली.

ही काही माझी अक्कलहुशारी नव्हे, हे नंतर कळलं. स्टेबल डिफ्युजन स्वतःच्या संगणकावर चालवायच्या ऑटोमॅटिक११११ या प्रोग्रॅममध्ये 'ओन्ली मास्क्ड' नावाचा पर्याय हेच करतो: रंगवलेल्या भागाभोवतीचा तुकडा घेतो, मॉडेलच्या मापात नेतो, काम झालं की जागी परत चिकटवतो. आयओपेंट नावाचं मोफत साधन आहे, आधी त्याचं नाव लामा क्लीनर होतं. त्यात मोठ्या फोटोसाठी मूळ मापात, लहान करून की तुकडा कापून काम करायचं ते आपण निवडतो. त्यातलं लामा हे २०२१ चं मॉडेल वाक्यं समजत नाही, नवा तरुण उभा करत नाही, पण साध्या भिंतीवरची, आकाशातली घडी सुरेख काढतं आणि ६००० दिले तर ६००० परत देतं. फोटोशॉपमधलं २०२३ चं जनरेटिव्ह फिल, म्हणजे निवडलेला भाग एआयने भरायची सोय, हेही उत्तर वेगळ्या लेयरवर ठेवतं, खालचा फोटो आणि कॅनव्हास जसाच्या तसा राहतो. निवड फार मोठी केली की भरलेला भाग मऊ दिसतो, पण तो तेवढाच भाग. आणि बारीक ओरखड्यांसाठी फोटोशॉपमध्येच २००२ साली आलेला हीलिंग ब्रश अजून पुरेसा आहे, हे मी भाचीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं.

माझ्या वर्गणीच्या साधनाला पाचात दोन तारे. दोन्ही तारे घडी काढण्याच्या कौशल्याचे. उरलेले तीन मागायला त्यांना नवं मॉडेल आणायची गरज नाही. फाइल उतरवून घेण्याच्या बटणाशेजारी आत आलेलं आणि बाहेर जाणारं माप लिहा, कापलं असेल तर कापलं म्हणा, आणि न बदललेला भाग मूळ फाइलमधूनच परत द्या. यातला पहिला बदल एका दुपारचं काम असावं. तोवर कुणी हे साधन फोनवर बघायच्या चित्रासाठी घेत असेल तर बिनधास्त घ्या. छापायचं असेल, मोजायचं असेल, फोटोत मापाची पट्टी ठेवलेली असेल, नकाशा असेल, तर अख्खी फाइल देऊ नका. आणि काहीही केलं तरी मूळ फाइलवर त्याच नावाने नवी ठेवू नका. माझे चाळीस फोटो वाचले ते दुसऱ्या डिस्कवर मूळ प्रती होत्या म्हणून.

भाची आता माझ्या शेजारी बसून चौरस कापते. वहीत तिच्या अक्षरात रांगा आहेत: फोटो क्रमांक, आडवं, उभं, 'आला', 'बसवला'. १०६ झाले. पाच साध्या ब्रशने होतील.

एक राहिला. त्यात घडी एका बाईंच्या चेहऱ्यावरून गेली आहे, डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत. तुकडा पूर्ण मापात कापून दिला, चेहरा पुरेसा मोठा होता, माप जसंच्या तसं आलं, डिफरन्सही स्वच्छ. सरांना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "घडी गेली. पण या कोण?" त्या त्यांच्या वर्गशिक्षिका होत्या. मी मूळ स्कॅन परत लावला. पान ८४, घडीसकट.